रव्याच्या काट्यावरचं बोट

मंगळवार, ११ नोव्हेंबर
मृणाल आणि तिची उरणची मैत्रीण निलोफर सकाळपासून स्वयंपाकघरात. सुलूच्या रवा मोजायच्या काट्यावर बोट दाबून बसल्यात. बरोब्बर एक किलो जोर यायला हवा. दोघी दातांच्या डॉक्टर, पुढचं शिकताहेत. जबड्याचा सांधा दुखणारे पेशंट तपासायचेत. पण आधी एकाच माणसाला दोघींनी वेगवेगळं तपासून निदान एकच यावं लागतं. नाही जुळलं तर सोमवारी मॅडम पेशंटना हात लावू देणार नाहीत.
सरावाला माणसं, मृणालचे आईबाप : मी आणि सुलू.
सुलू : "काटा पुसून ठेवा आधी. मग माझा गाल."

बुध. १२
माझं जुळलं. उजवीकडे कट् आवाज, दुखत नाही. "बोलून बोलून झिजलाय," इति सुलू.
सुलूचं नाही जुळलं. मृ.च्या कागदावर काही नाही. नि.च्या कागदावर : डावा सांधा, दुखतो.
"तू जोरात दाबतेस."
"चल काट्यावर!"
काट्यावर दोघीही एक किलो.

शुक्र. १४
काल पुन्हा तेच, आज तेच. मृ. अर्ध्या ताटावरून उठली.
पेपरात असताना दोन वार्ताहरांचं जुळलं नाही, की मी आधी माहिती देणाऱ्याला फोन लावायचो. दुपारी सुलू मेथी निवडत होती. शेजारी बसलो. विचारलं.
"मृणालला कशाला सांगू? पुस्तकं टाकून माझ्याच तोंडात बघत बसेल. नीलूचं काय, ती परकी." मग जरा थांबून, "तशी परकी नाही हो ती."
म्हटलं, तुझ्या मायेपायी पोरीचं काम अडलंय.
"तुम्ही बोलू नका तिला काही."
दिवाळीपासून भाकरी दुधात कुस्करून खाते. मला वाटलं, आवड. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या, आणि समोरच्या ताटातली...

शनि. १५
मृ.ला काही बोललो नाही. सुलूही नाही. मेथीची भाजी झाली.

रवि. १६
शेवटची तपासणी. नि.ने तपासून कागद पालथा ठेवला. मग मृ. बसली. डाव्या कानापुढे बोट.
"दुखतं?"
सुलूने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.
"दुखतं."
पुढचा प्रश्न त्यांच्या फॉर्मातलाच. "हे दुखणं ओळखीचं आहे का?"
"ओळखीचं."
कागद उलटले. जुळले. नि.ने टाळीसाठी हात पुढे केला, तो तसाच राहिला. मृ.चं बोट अजून गालावरच होतं, आता जोर न देता.
"कधीपासून, आई?"
हा फॉर्मात नव्हता.
"काटा दे इकडे. शिऱ्याला रवा घ्यायचाय."
मृ.ने काटा दिला नाही.