‘आउटवाइडन’ची जन्मकथा आणि डुर्कच्या गायी

२ एप्रिल
गावाला शेवटी अक्कल आली! हिवाळा संपला, डुर्कच्या गायी गोठ्यातून कुरणात सोडायचा दिवस जवळ आला, आणि यंदा फाटक उघडण्याआधी भाषण माझं. डुर्क माझा मेहुणा. म्हणाला, विब्रेन, पाचच मिनिटं हं. गेल्या साली खाटीक योप्पे दोन वाक्यं बोलला, तर लोकांनी टाळ्या पिटल्या. शी! यंदा गावच्या मासिकाची संपादक रेन्स्के येणार आहे. शब्दांवरचं सदर तिच्या हातात. मास्तरकीतून रिटायर झाल्यापासून त्याचीच वाट बघतोय. मलाच मिळणार.

५ एप्रिल
शब्द ठरला: आपल्या डचमधला ‘आउटवाइडन’. मुळात गुरांनी चरत चरत लांब जाणं. पुढे तेच माणसाच्या बोलण्याला लागलं: मुद्दा सोडून पाल्हाळ लावणं. काय शब्द आहे! थोडक्यात आटपायचं. सध्या नुसती प्रस्तावना झालीय. सोळा पानं. बायकोला, बाउक्येला, वाचून दाखवली. मध्येच उठून बटाटे सोलायला गेली.

७ एप्रिल
सासूबाईंचा वाढदिवस. खुर्च्या गोल मांडलेल्या, गुडघ्याला गुडघा. तिथेच तालीम घेतली. कोणी जागचं हललं नाही, इतके रंगले! योप्पे मात्र चीजचे तुकडे मोहरीत बुडवून मचामचा खात होता. किळस आली. वर विचारतो, मास्तर, गायी याच उन्हाळ्यात सोडायच्या ना? मूर्ख माणूस.

१२ एप्रिल, सकाळी
पानं कमी करणार होतो. पण शब्दाचे जर्मन भाऊबंद घालावेच लागले. डुर्कला बजावलं, गायी आत्ताच फाटकाशी आणून उभ्या कर, माझ्या मागे शोभतील. म्हणाला, अरे, एकदा गवताचा वास लागला की त्या आवरत नाहीत. या लोकांना भाषणातलं काय कळतंय!

१२ एप्रिल, दुपारी
शेण. कानातसुद्धा शेण. प्रस्तावना संपवून ‘चरणे’वर येतोय न येतोय तोच फाटक उघडलं. अख्खा कळप शेपट्या उभारून, नाचत, उधळत अंगावरूनच गेला म्हणा ना. मी चिखलात आडवा. टाळ्यांचा नुसता कडकडाट! प्रस्तावनेलाच असणार. पण कडी कोणा नालायकाने काढली? शोधून काढणार.

१४ एप्रिल
सदर योप्पेला. शी शी शी! रेन्स्के म्हणाली, त्याचं कसं आटोपशीर असतं.
कोटाचं शेण घासता घासता बाउक्ये म्हणाली, कडी मी काढली. मी उडालोच. का, म्हटलं. म्हणाली, अख्खा हिवाळा कोंडलेल्या रे त्या. मी तीस वर्षं ऐकत बसलेच आहे, म्हटलं, त्यांना तरी जाऊ दे.