बेटावर नेलेली फणी

बाबा, तुम्ही समुद्र कधी पाहिला नाही. मी मात्र अंदमानातल्या एका बेटावर, पर्यटकांच्या रिसॉर्टात, चादरी-टॉवेलांच्या खात्यात नोकरी करून आता नागपूरला परत आले आहे. आपल्याच खोलीत, तुमच्या हातमागाच्या बुजवलेल्या खड्ड्यावर खुर्ची टाकून बसले आहे. आईनं वर फरशी बसवून घेतली, तिचीही चूक नाही, अंधारात तिचा पाय त्यात जायचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्या मागाची फणी, ज्यातून धागे ओवतात ती, शाबूत होती तोवर तुमचं काम संपलं असं मी मानत नव्हते. आता ते संपलं. तेच सांगायला बसले आहे.

तुम्ही खड्ड्यात पाय सोडून बसायचात आणि मी काठाचं सूत आडवं नेणारा धोटा झेलायला बाजूला. मे महिन्यात आपल्याकडची हवा अशी कोरडी की सूत नुसतं बघितलं तरी तुटायचं. तुम्ही म्हणायचात, "धाग्याले तहान लागते वं पोरी. माणसाच्या आधी त्याले पाज." म्हणून जमिनीवर पाणी शिंपडायचं, मागाखाली पाण्याचं मडकं ठेवायचं, आणि गावाला जाताना ताण्यावर, मागावरच्या उभ्या धाग्यांवर, ओलं गोणपाट टाकायचं. एकदा उमरेडच्या लग्नाला निघालो आणि गोणपाट टाकायचं मी विसरले, तर तुम्ही बसस्टँडवरून सगळ्यांना परत फिरवलंत. शेजारचे काका, तेही विणकरच, ओट्यावरून हसले, "मागाले ताप आला का गा?" तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणालात, "आपण बुंदी खाऊ अन् ते इथं तडकून राहीन, चालते का तुले?" लग्नात मला बुंदी गोड लागली नाही.

लुगडं विणून उतरलं की ताण्याची शेवटची टोकं तुम्ही फणीतच ठेवायचात. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकांना पीळ देऊन जोडायचा, म्हणजे फणी पहिल्यापासून भरावी लागत नाही. तुमच्या करवती काठाचे दात त्या धाग्यांच्या क्रमात होते, कागदावर कुठेच नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा ती टोकं फणीत तशीच होती. मी फणी त्या टोकांसकट जुन्या साडीत गुंडाळली आणि नोकरी लागली तेव्हा ट्रंकेत घालून बेटावर नेली. का नेली, ते तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हिवाळ्यात तिथे पाहुण्यांची झुंबड असते. फाटलेली चादर मी अशी सांधली की जागा सापडेना, म्हणून मॅनेजर बाईंनी चौकशी केली, आणि दुसऱ्या हंगामात व्हरांड्यालगतच्या खोलीत सुताराकडून माग उभा करून दिला. मी फणीतल्या तुमच्या टोकांना नवा ताणा जोडला. धोटा झेलायला कोणी नव्हतं, म्हणून मी दोन्हीकडे हात पुरतील एवढ्या अरुंद ओढण्या विणायचे. बाबा, तिथे धागा तुटतच नाही. हवाच ओली. पहिल्या दिवशी मी सकाळपासून विणते आहे, समोर निळं पाणी आहे, आणि एकही गाठ मारावी लागत नाही. मला वाटतंय, जन्मभर आपण मडक्यात जे भरत होतो ते इथे फुकट पडलं आहे. पाहुणे फोटो काढायचे, एका बाईनं तर हे कुठल्या बटणावर चालतं म्हणून विचारलं. तरी तुमचा काठ उतरत होता. तुमच्यानंतर तो विणणारी मी एकटी होते, आणि मी तो विणत होते.

उन्हाळ्यात पाहुणे विरळ होतात. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो, रिसॉर्ट बंद होतं, माणसांना घरी पाठवतात. निघायच्या दिवशी मी खोली आवरली, मागाखाली पाण्याचं भांडं ठेवलं आणि ताण्यावर ओलं गोणपाट टाकलं. समुद्राच्या मधोमध, तोंडावर पावसाळा, आणि मी धाग्याला पाणी पाजून निघाले! कोणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

पावसाळा सरल्यावर बेटावर परत गेले तेव्हा ताण्याला लावलेली खळ आंबून काळी पडली होती. फणीचे दात गंजले होते आणि तुमच्या क्रमात ओवलेले धागे त्या गंजानं जागच्या जागी खाल्ले होते. मी एक धरला, तो बोटाला पिठासारखा लागला. मॅनेजर बाई चांगल्या, नवी फणी मागवू म्हणाल्या. नवी फणी मिळते. मी नोकरी सोडली.

शेजारच्या काकांना काल फणी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि दातांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "याच्यात काही राहिलं नाही वं पोरी." मी उठले तर पुन्हा म्हणाले, "तुह्या बापाचा काठ मले नाही जमत. पण साधा काठ तं निंघते. मी फणी भरून देतो, तू नुसता धागा देत जा." आई दारात उभी होती, तिचा चेहरा एकदम उजळला. मी म्हणाले, बघू, दिवाळी जाऊ द्या. आज सकाळी ते पुन्हा विचारून गेले. मी तेच सांगितलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे. काकांना बघू म्हटलं, पण मी बघणार नाही, बाबा. दिवाळीनंतरही नाही. बेटावर ते गोणपाट उचललं, आंबूस वास आला, आणि रडू फुटायच्या आधी, अगदी थोडा वेळ, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.