आपोआप उठलेलं मशीन

प्रिय बुटके,

विमा कंपनीतली नवी नोकरी मानवली का? इथे तुझ्या खुर्चीवर आता प्रिंटरचे खोके ठेवलेत. आई अजून विचारते, तुझी ती ठेंगणी मैत्रीण हल्ली फिरकत का नाही? परवा तिला पुन्हा समजावलं, की एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात आम्ही वेगवेगळी मशीनं उभी करतो. डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रत्येकाचं काम निराळं. ती म्हणाली, नसलेली मशीनं सांभाळायला खरा पगार देतात होय! बाबा मात्र भेटेल त्याला सांगतात, घरातली पहिली पदवीधर अख्खं हॉस्पिटल चालवते.

त्याच हॉस्पिटलची सोमवारी दाणादाण उडाली. विजेच्या कामासाठी बंद केलेला सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर लॅबचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनात. सिस्टर फोनवरून माझा उद्धार करत होत्या. शोधता शोधता दिसलं, की रुग्णांच्या नोंदींचं मशीन एक नाही, दोन आहेत. कुणीतरी त्याची हुबेहूब नक्कल करून बंद ठेवली होती. सर्व्हरबरोबर तीही उठली आणि नेटवर्कवरच्या एकाच पत्त्यासाठी दोघांची झोंबाझोंबी लागली.

नक्कल बंद केली, रिपोर्ट पोचले, पण माझं डोकं तिथेच अडकलं. लपवायची नक्कल आपोआप सुरू होईल अशी कोण लावून ठेवतं? तू लावायचीस. चाचणीच्या फुटकळ मशीनलासुद्धा. वर म्हणायचीस, वीज गेली तर उठवायला तुझा काका येणार का! तारीख पाहिली, तर ती नक्कल झाली तुझ्या शेवटच्या आठवड्यात, मी रजेवर असताना. रजा कधीपासून, हे तू दोनदा विचारलं होतंस. मला वाटलं, माझ्यावाचून तुला करमणार नाही.

कुणाला कोणता आजार आहे, हे विमा कंपनीला आधी कळलं तर काय होईल, ते तुला सांगायला नको. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तुझ्याबद्दल असं चिंतताना मला माझाच राग येतो, तरी थांबता येत नाही.

सर्व्हरवर शिरायचं आपलं दोघींचं खातं एकच होतं, आणि नक्कल त्याच खात्यातून झालेली. साहेब म्हणाले, आता त्यावर तू एकटीच उरलीस, बोट तुझ्याकडेच वळेल. पुसून टाक ती नक्कल, वाच्यता नको. पुसली तर मी सुटते, तूही सुटतेस. फक्त ज्यांचे आजार त्यात आहेत, त्यांना कधीच काही कळणार नाही.

मी पुसलेली नाही. शुक्रवारी ती हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर ठेवणार आहे, आणि संशय कुणावर असं त्यांनी विचारलं तर तुझं नाव घेणार आहे. तुझ्या पाठीमागे ते घेणं मला जमेना, म्हणून हे पत्र. माझा संशय खोटा असेल तर ये, आणि सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मार; आनंदाने खाईन. खरा असेल तर मात्र माझ्याआधी तू त्यांच्या दारात उभी राहा.

अजून तरी तुझीच,
उंटीण