कपाटातलं ड्रिल

लातूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस,
सप्रेम जयभीम, वि. वि. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून कागदावर लिहिते. ह्यांना जाऊन आठ महिने झाले. आता फर्निचर फिटिंगचं काम मीच करून राहिले. क्लासच्या पोरींच्या होस्टेलात कपाटं बसवायची हायत, पण लाइटीचा भरवसा न्हाई. बॅटरीवरचं ड्रिल नि कटर कोणतं घेऊ?
ह्यांचं जुनं ड्रिल कपाटात तसंच हाय. मी हात लावला न्हाई. परवा दुपारी ते आतल्या आत फिरल्यासारखा आवाज आला. उघडलं तर गप. सासूबाईंना सांगितलं न्हाई.
वहिनींना जयभीम. माया असू द्या.
तुमची लुंबिनी

मुदखेड, ८ फेब्रुवारी

चि. लुंबिनीस मंगल आशीर्वाद.
ब्रशलेस मोटरचं घे, अठरा-वीस व्होल्टचं. दोन्ही मशिनी एकाच कंपनीच्या घे, म्हणजे बॅटरी इकडची तिकडं चालते. दुकानात हातात धरून बघ. शिडीवर जड मशीन मनगट मोडतं. बिननावाची बॅटरी फुकट दिली तरी घेऊ नको.
सोमेशरावांच्या ड्रिलचं बटण कशाखाली दाबलं गेलं असेल. बॅटरी काढून बाहेर रेतीच्या डब्यात ठेव. रेल्वेत तीस वर्षं वीज जोडली, भुतं कुठं भेटली न्हाईत. जेवत जा वेळेवर.
तुझा दादा, आनंदराज

लातूर, २१ फेब्रुवारी

ती. दादांस,
जयभीम. घाबरू नका, आम्ही दोघी बऱ्या हावोत.
मशिनी तुम्ही सांगितल्या तशा घेतल्या. वरची एक जादा बॅटरी मात्र बिननावाची घेतली, चुकले. काल दुपारी ती पलंगावर चार्जिंगला लावून शेजारीच शेंगा सोलत बसले होते. कपाटात ड्रिल वाजलं. दोनदा थोडं, मग एकदा लांब. काम सुरू करताना हे वाजवायचे तसंच. त्याची बॅटरी तर बाहेर डब्यात! उठून कपाट उघडलं. ड्रिल गप, पण बिटाचं टोक कोमट. तेवढ्यात मागं धडाका झाला. पलंगावरची बॅटरी फुटून गोधडी पेटली. मेन स्विच पाडला, रेती ओतली. मी बसले होते ती जागा काळी पडली.
सासूबाई म्हणाल्या, माझ्या लेकानं हाक मारली. दादा, बॅटरीशिवाय ड्रिल फिरतं का? एकदा येऊन जा.
तुमची लुंबिनी

मुदखेड, ४ मार्च

चि. लुंबिनीस आशीर्वाद.
तुझ्याकडून आणलेलं ड्रिल काल खोललं. उमाशंकर, माझ्या जोडीचा इलेक्ट्रिशियन, समोर होता. स्विचकडून मोटरकडं जाणारी वायर कधीचीच जळून तुटलीय. मोटरवर कोळ्याचं जाळं, तेही अख्खं. बॅटरी लावली असती तरी फिरलं नसतं. शेजाऱ्यांचं मशीन असेल म्हणून मी तिथं घरोघर विचारलं होतं. त्या दिवशी कुणी चालवलं न्हाई. मला सांगता येत न्हाई, बाई. वायर जोडून देऊ का इथंच ठेवू, कळव.
दादा

लातूर, ९ मार्च

ती. दादांस,
जयभीम. जोडू नका, तसंच आणून द्या.
एक लिहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिला आवाज ऐकला तरी मी उठले न्हाई. राग आला होता. आठ महिने रोज वाट पाहिली, तेव्हा आले न्हाईत. दुसऱ्यांदा वाजलं तरी शेंगा सोलत राहिले. तिसऱ्यांदा ते इतकं लांब नि इतकं कळवळून वाजलं, की मला बसवलंच न्हाई.
आपलं प्रेम राहू द्या.
तुमची लुंबिनी