तळघरातले ठोकळे

९ ऑक्टोबर २०१७

जिन्याच्या पोकळीतून ओळंबा सोडला. पाच मजल्यांत अकरा सेंटिमीटर – इमारत पूर्वेकडे कललीय. गेल्या महिन्यातल्या भूकंपाआधी किती होती, कुणालाच माहीत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर सोळा घरं रिकामी. त्यात आईचं एक.

तिसऱ्या मजल्यावरचे डॉन नासारिओ कठड्यावरून म्हणाले, "फिदेन्सिओ असता तर ही वेळ आली नसती, बाईसाहेब." फिदेन्सिओ म्हणजे माझे बाबा; इमारतीची देखभाल त्यांच्याकडे असायची. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

आई शिवणयंत्रावरून उठलीसुद्धा नाही. अकरा म्हणजे वीतभरही नाही, म्हणाली.

१० ऑक्टोबर

आमचं शहर जुन्या सरोवराच्या गाळावर बसलंय. माती कमी, पाणीच जास्त. भूकंपात सगळं खिरीवरच्या सायीसारखं हलतं, एरवी हळूहळू खचतं. खांब मात्र खोल, घट्ट थरात रोवलेले. ते खचत नाहीत. म्हणून इमारत आणि खांबांची टोकं यांच्यामध्ये लाकडी ठोकळे. ते चेपतात, इमारत शहराबरोबर अलगद खाली येते. पुरते चेपले की वरचे नट सैल करून नवे घालायचे, नाहीतर एक बाजू अडकते, दुसरी बुडते.

हे मला कॉलेजात नाही, बाबांनी शिकवलं. त्यांच्या कानावर कायम सुताराची लाल पेन्सिल. पंच्याऐंशीच्या मोठ्या भूकंपानंतर तळघरातून आलेला पहिला ठोकळा त्यांनी मला दिला – पावासारखा चेपलेला, वर तारीख. मी दहा वर्षांची. तो अजून माझ्या कचेरीतल्या टेबलावर आहे. त्याच्यामुळेच मी मातीच्या अभ्यासामागे लागले, इमारती तपासू लागले.

किती गोड दिवस ते! आम्ही सगळे बागेत तंबूत. पुढे आई आणि मी घरात परतलो. बाबा मात्र नाताळपर्यंत बाहेरच झोपले. छप्पर दिसलं की त्यांना घाम फुटायचा. मला वाटायचं, मजा करताहेत.

१४ ऑक्टोबर

तळघराची किल्ली आईकडे. हरवली म्हणते. अहवालाच्या मसुद्यात लिहिलं: "तीन वर्षं देखभाल नाही." या एका ओळीवर इमारत पाडू शकतात. पण खोटं कसं लिहू?

२१ ऑक्टोबर

आईचे गुडघे फार सुजलेत. यंत्राचं पायडल, म्हणते. लहानपणापासून हेच ऐकतेय.

३० ऑक्टोबर

ओळंबा पुन्हा सोडला. अकरा. केसभरही हललेली नाही!

मग कुलूपच तोडलं. घोटाभर पाणी. विजेरी धरली आणि बघतच राहिले – ठोकळे ताजे, नटांना तेल. पूर्वेकडच्या एकावर तारीख: जून २०१७. निळ्या पेन्सिलीनं. कापडावर खुणा करायची पेन्सिल.

वर आले. आई झेंडूची फुलं निवडत होती. मी ओले बूट दाखवले.

"किल्ली मागितली असतीस तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली.

"मागितली होती, आई."

"हो, ते खरं."

तिनं आणखी एक फूल देठापासून तोडलं. मग म्हणाली, "तीनच वर्षं गं. तुझे बाबा गेल्यावर कुणीतरी करायला हवंच होतं. डॉन नासारिओला सांगू नकोस, उगाच मदतीला येईल."

शहात्तर वर्षांची बाई, हातभर लांब पाना घेऊन! मी हसले, मग रडले. तिनं माझ्यापुढे आतोलेचा, मक्याच्या गरम पेजेचा, पेला सरकवला आणि फुलं निवडत राहिली.

३१ ऑक्टोबर

ती ओळ खोडली. ठोकळ्यांचे फोटो, तारखा जोडल्या. सही झाली. घरं राहणार.

२ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस, गेलेल्यांच्या फोटोसमोर फुलं आणि त्यांच्या वस्तू मांडायचा. बाबांच्या फोटोसमोर ठेवायला कचेरीतून तो जुना ठोकळा आणला. नोव्हेंबर १९८५. इतकी वर्षं तारीख वाचत आले. रंग आज पाहिला. निळा – बाबांचा लाल नव्हे.

फोटोसमोर ठेवला. आईनं पाहिलं. फुलं सारखी केल्यासारखं करत तारखेची बाजू तेवढी भिंतीकडे वळवली.