पट्टीवरून सरळ चालणारे काका

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा तो खुर्चीत बसूनच घातला असं समज.) तुझी तब्येत बरी असावी, पत्रांना उत्तर न देण्याइतकी तर नक्कीच आहे. आई बरी आहे असं म्हणवत नाही. तोल जातो, जीभ जड झाली आहे, आणि दारावर टकटक झाली की तूच आलास असं तिला वाटतं. तू कधी येतोस, एवढंच मला विचारायचं आहे. पण तसं सरळ विचारलं तर तू पत्र मिटून ठेवशील, म्हणून आधी गंमत सांगते.

आईसारखा आजार असलेली कुटुंबं शोधायचं काम आमच्या दवाखान्यात निघालंय आणि मी त्यात आहे. आजार इतका दुर्मीळ, की त्याची सगळी माहिती श्रीमंत देशांतल्या रुग्णांवरून लिहिलेली. आपल्याकडच्यांना कुणी धड पाहिलेलंच नाही. शिवाय आजार आनुवंशिक, म्हणून घरोघरी लपवाछपवी. (घरात लग्नाच्या मुली असतात, घरच्यांना तरी काय बोलणार?) मोठ्या मिनतवारीनं एक कुटुंब यायला तयार झालं. आम्ही रुग्णाला जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवरून चालायला सांगतो. एक काका उठले आणि कवायतीला निघाल्यासारखे टोकापर्यंत जाऊन परत आले. घरच्यांचे चेहरे उजळले. आमच्या डॉक्टरीणबाईंचा मात्र पडला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की आजारी होती ती काकांची बहीण, आणि तिला बाहेर गाडीत बसवून ठेवलं होतं. चालण्याची परीक्षा आहे म्हटल्यावर घराची लाज राखायला त्यांनी सगळ्यांत धडधाकट माणूस उभा केला होता. (काका घरी सरावही करून आले होते.)

मग त्या बाईंना आत आणलं. भिंतीला धरून, थांबत थांबत आल्या. ज्यांचा तोल जातो तेच आम्हाला हवेत, असं मी समजावलं, तर म्हणाल्या, "म्हणजे मी पहिली आले की." सगळे हसले. मीही हसले, आणि मग पाणी प्यायच्या निमित्तानं मला बाहेर जावं लागलं. आई अशीच चालते, दादा. तू ते पाहिलेलं नाहीस.

तुझी धाकटी

ता. क. आजार नसलेल्या भावंडांचं रक्तही तुलनेसाठी लागतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुझ्यावाचून आपलं कुटुंब अपुरं आहे. तेव्हा कामासाठी म्हणून तरी ये.

आणखी एक ता. क. डॉक्टरीणबाई असं काही म्हणालेल्या नाहीत. आपल्यालाही तेच निघेल या भीतीनं तू येत नाहीस, हे मला कळतं. स्वतःची तपासणी मीही टाळतेच आहे. रक्त देऊ नकोस, पट्टीवर चालू नकोस. आईला आता माझं नाव नीट घेता येत नाही. तुझं अजून येतं. तोवर ये.