शेवटच्या लॅपची घंटी

३ फेब्रुवारी १९८३
लातूर जिल्हा नवा, तर ॲथलेटिक्स मीटही नवी. शेजारच्या नांदेडचे खेळाडूसुद्धा येणार. ऑफिशियल पाहिजेत म्हणे. लगेच नाव दिलं. बिनपगारी. स्टार्टर मीच होणार. आवाज आहे, करारीपणा आहे.
उमादेवीला सांगितलं. ती म्हणाली, "एस्टीच्या मागं तरी पळलाव का कधी?"
बायकोशी बोलणं बंद.

५ फेब्रुवारी
मीटिंग. संताप! रेस सुरू करायचं पिस्तूल दगडोबाला दिलं. रिटायर्ड हवालदार आहे, म्हणून काय झालं? आयोजक ग्यानोबा सर मला म्हणाले, "बसवंतराव, दालमिलमध्ये पोती मोजता, तसे लॅप मोजा. शेवटचा लॅप सुरू झाला की घंटी वाजवा."
घंटी! मी काय शाळेचा शिपाई आहे?
राजीनामा द्यायचं ठरवलं. जेवल्यावर डोकं शांत झालं. मी नसलो तर मीट कोसळेल. राजीनामा रद्द.

११ फेब्रुवारी
ग्राउंडवर नुसता फुफाटा. ट्रॅकवर पाणी मारलंच पाहिजे. कोणी हलेना. शेवटी मीच रस्त्यात उभं राहून टँकर अडवला. मागून घागरी घेतलेल्या बाया आल्या. धोंडाबाई म्हणून एक पुढारीण, ती थेट अंगावर: "लेकराला प्यायला न्हाई अन् तुमी मातीला पाजून राहिलाव व्हय?"
दुष्काळ मलाही कळतो. पण बोलायची काही रीत? बाजूला झालो. घाबरून नाही. स्त्रीदाक्षिण्य.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
वहीची दोन पानं फाडली. रागानं.
मुलींची तीन हजार मीटर. लोह्याची पंचशीला पहिल्यापासून पुढं. उदगीरची शिवगंगा बरीच मागं. मी चोख मोजत होतो. तेवढ्यात दगडोबा पिस्तूल कमरेला खोचून फोटो काढून घ्यायला लागला. नियमात बसतं का ते? ओरडून सांगितलं. सांगता सांगता पंचशीला समोर आली. घंटी वाजवली.
पोरगी सुसाट सुटली. सगळा जीव ओतून रेषा ओलांडली, हात वर केले, खाली बसली. ग्यानोबा सर धावत आले, "उठ, अजून एक लॅप हाय!" उठली. पाय चालेनात. शिवगंगा पुढं गेली, मागून आणखी दोघी गेल्या.
सगळे माझ्याकडं बघायला लागले. धूळ होती, हे कोणी बोलेना. दगडोबाला कोणी विचारेना.
पंचशीलाचे वडील रामकिशन आले. पोस्टात आहेत. हळू आवाजात विचारलं, "साहेब, घंटी तुमीच वाजविली का?"
मी म्हणालो, चौकशी चालू आहे.
ते भांडले असते तर बरं झालं असतं. उत्तर तयार होतं माझ्याकडं.

त्याच दिवशी, उशिरा
शिवगंगा मेडल घेईना. म्हणते, "असलं जिंकणं मला नको. उद्या परत पळू." सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी उभा राहिलो, रीरन नियमात नाही म्हणून ठणकावलं. ग्यानोबा सर एकच वाक्य बोलले, "बसवंतराव, बसा."
अपमान. उद्या जाणार नाही.

१३ फेब्रुवारी
गेलो. घंटी हातात घेऊन जागेवर बसलो. पंचशीला आली. काल रडून डोळे सुजले होते. म्हणाली, "काका, आज घंटी नको. आमचं आमी मोजतो." शिवगंगाही मान हलवत होती. ग्यानोबा सरांनी घंटी घेतली, टेबलाखाली ठेवली. मी खुर्ची पुढं ओढली. बोलायला बरंच होतं.
रेस सुरू झाली. दोघी खांद्याला खांदा. फुफाट्यात कधी दिसायच्या, कधी नाही. दगडोबा काय करतोय ते आज बघितलंच नाही. डोळे ट्रॅकवर, बोटांवर मोजणी. आज दाखवायचंच होतं सगळ्यांना. शेवटी पंचशीलानं जोर लावला, शिवगंगाला मागं टाकलं, रेषेवर आली अन् थांबली. रामकिशन धावत गेले. शिवगंगानं तिला मिठी मारली. सगळं ग्राउंड नाचायला लागलं.
माझ्या मोजणीनं अजून एक लॅप बाकी होता.
कोणाला सांगितलं नाही. टाळ्या वाजवल्या.